झुबकीचा कापूस

माणसं गाद्या शिवायला शिकली, त्याच्याही आधीची गोष्ट. एका चिंचेच्या ढोलीत झुबकी नावाची खार पिल्लांसह राहायची. सावरीचा कापूस स्वतः पिंजून तिने मऊ अंथरूण केलं होतं.

शेजारच्या ढोलीत पोपटिणीने मोरपिसं अंथरली, तेव्हा सारं झाड बघायला लोटलं.

"झुबके, तूही बदल गं," पोपटीण म्हणाली. "कापूस काय, कुणीही अंथरतं!"

झुबकीला ते लागलं. पण कापसात गाढ झोपलेली आपली पिल्लं पाहून ती म्हणाली, "माझं घर मला शोभतं."

पुढे पोपटिणीची अंडी फुटली. पिसांचे दांडे उघड्या अंगाला टोचून पिल्लं सारखी रडू लागली. शेवटी पोपटीण झुबकीच्या दारात आली.

"थोडा कापूस देतेस? कुणी आलं की मी वर पिसं पसरेन. कुणाला कळायचं नाही."

झुबकीने मान ताठ केली. "हवा तेवढा ने, बाई. पण पाहुणे आले तरी कापूस वरच राहील."

पोपटीण घुटमळली. पलीकडून पिल्लांचं रडणं आलं.

"वरच राहील," ती म्हणाली. "आणि कुणी विचारलं, हा कापूस कुणाचा, तर?"

"माझं नाव सांग."