चंद्राखालचा भुंगा

जत्रेच्या तंबूंतून दिवे लुकलुकवत खेळांची यंत्रं फिरायची, त्या काळातली ही गोष्ट. एका जुन्या पिनबॉलच्या यंत्राच्या फळीवर निळा समुद्र रंगवला होता आणि त्यावर पिवळा चंद्र. पोलादी गोळी खिळ्यांना धडकत दिवसभर त्या समुद्रावरून घरंगळायची.

चंद्राच्या लाकडाला भुंगा लागला होता. दर जत्रेआधी मालक भोकांत लांबीचा लगदा भरून वरून पिवळा रंग द्यायचा. चंद्र लखलखायचा आणि आतला भुंगा निवांत खात राहायचा.

एकदा भिवा सुतार आला. त्याने बोटाच्या पेराने फळी ठोकून पाहिली. "एवढा तुकडा काढावा लागेल," तो म्हणाला.

"चंद्र नको काढू, भिवादादा," यंत्र कळवळलं. "लोक त्याच्यासाठीच येतात."

गोळी हळूच म्हणाली, "रागावू नकोस. पण चंद्रावरून जाताना मला भीती वाटते. खाली काहीच नसल्यासारखा आवाज येतो."

यंत्राने आपले दिवे मंद केले. मग ते म्हणालं, "काढ."

भिवाने पोखरलेला भाग कापला, कडांना औषध पाजलं आणि सागाचा तुकडा बसवला. रंग मात्र दिला नाही. "वर्षभर उघडाच राहू दे. भुंग्याचं पीठ गळलं तर दिसेल तरी."

वर्ष गेलं. पीठ गळलं नाही. भिवा पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आला. "सांग, केवढा काढू चंद्र?"

यंत्राने गोळीकडे पाहिलं. खिळ्याला टेकून ती कोऱ्या सागावर गाढ झोपली होती.

"आज नको," यंत्र कुजबुजलं. "ती उठेल."