एकदाही न चुकलेला राखणदार

महानगराची मोठी बाग संपते तिथून पाच टेकड्या ओलांडल्या, की दाट जंगल लागते. मुलांनो, त्या जंगलात चितळांचा एक कळप होता आणि एक पोक्त हरिणी त्या कळपाची म्होरकी होती. कुठे चरायचे, पाण्यावर कधी उतरायचे, हे तीच ठरवी. हरणांचे कान तिखट असतात, पण मान खाली घालून चरणाऱ्याला लांबचे दिसत नाही. म्हणून त्या जंगलाची रीतच होती, की प्रत्येक कळपाने उंच झाडावर एक वानर राखणीला ठेवायचा. वाघाची चाहूल लागली की वानराने ‘खक् खक्’ अशी हाक द्यायची आणि हरणांनी धूम ठोकायची. त्या बदल्यात मोहाखाली पडलेली निम्मी फुले हरणांनी वानरासाठी सोडायची. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण ती मोडायचे कुणाच्या मनातही आले नव्हते.

त्या उन्हाळ्यात कळपाच्या म्हाताऱ्या राखणदाराचे डोळे गेले. बिचाऱ्याने ते कुणाला सांगितले नाही. एके सकाळी वाघीण त्याच्या झाडाखालून चालत गेली तरी त्याला ती दिसली नाही, आणि म्होरकीचे थोरले पाडस गेले. आता तिचे एकच पाडस उरले होते, जेमतेम तीन महिन्यांचे. त्या दिवसापासून ती नीट झोपली नाही आणि पाण्याला तोंड लावले तरी तिच्या घशाखाली घोट उतरेना. त्यातच रानातले सगळे पाणवठे आटले. उरला एकच डोह. त्याच्या तीन बाजूंना पुरुषभर उंच गवत होते आणि त्या गवतात वाघीण दोन बछड्यांसह राहायला आली होती. पाणी तर रोज प्यायलाच हवे, म्हणजे रोज सकाळी जिवावर उदार होऊन तिथे उतरायचे.

म्हाताऱ्याच्या शेजारी बसून राखण शिकलेली एक वानरी होती. तात्पुरते म्हणून हरिणीने तिला झाडावर बसवले. पण ती पडली भित्री. रानडुक्कर दिसले की हाक, फांदी हलली की हाक, एकदा तर वाळल्या पानांच्या ढिगाला पाहून हाक. आठ दिवसांत कळप सात वेळा फुकट पळाला. एकदाच खरोखर वाघीण निघाली, पण ते एकदा कोण लक्षात ठेवतो? अर्धवट तहानेने पळून पळून लेकुरवाळ्या हरिणींचे दूध आटले, पाडसांचे पाय लटपटू लागले, आणि सगळे म्होरकीकडे तोंड वेंगाडून पाहू लागले.

अशा वेळी महानगराकडून एक कावळा आला. कावळ्याचे पोट बातम्यांवरच चालते. त्याने बागेतल्या विद्यापीठाचे वर्णन सुरू केले. हे विद्यापीठ एका गब्बर वानराने महानगराच्या त्या मोठ्या बागेत काढले होते. तिथे कारंजी होती, बसायला दगडी चबुतरे होते आणि प्रवेशासाठी फाटकाबाहेर वानरांची एवढी रांग लागे, की शंभरातले पंच्याण्णव आल्या पावली परत जात. जे आत जाऊन शिकून बाहेर पडत, त्यांच्या शेपटीला लाल फीत बांधली जाई. हरिणीने विचारले, राखण कशी करतात? कावळा छाती फुगवून म्हणाला, “दहा वर्षांत बागेच्या पदवीधराच्या राखणीतून एकही हरीण गेलेलं नाही. आणि त्याची एकही हाक खोटी ठरलेली नाही.”

हरिणीने पुढे काही विचारलेच नाही; कावळ्याबरोबरच तिने एका पदवीधराला बोलावणे धाडले. मुलांनो, तिला हसू नका. ज्या आईचे एक लेकरू गेले आहे तिला असे वाक्य ऐकवले, तर तिने दुसरे काय करावे? आणि कावळ्याने खोटे असे काहीच सांगितले नव्हते. दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी पदवीधर आला. ऐन तारुण्यातला, अंगावरचे केस नीट विंचरलेले, शेपटीला लालभडक फीत. त्याने कळपासमोर वाघाची चाल समजावून सांगितली, डरकाळीचे प्रकार सांगितले, वारा कुठून वाहत असला म्हणजे वाघ कुठे दबा धरतो तेही सांगितले. हरणे माना डोलावत राहिली. त्याची अट एकच होती: मोहाची सगळी फुले त्याची, कळपाने एकालाही तोंड लावायचे नाही. हरिणीने मान्य केले. वानरीला तिने सांगितले, की तुझे काम संपले. वानरी भांडली नाही. झाडावरून उतरता उतरता तिने एवढेच म्हटले, “मावशी, त्याने आजवर वाघ कुठे कुठे पाहिला, तेवढं विचारून घ्या.” हरिणीला वाटले, पोटात दुखते आहे हिच्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत कळप डोहावर उतरला. पदवीधर काठावरच्या अर्जुनाच्या झाडावर उंच जाऊन बसला. हरणे भीत भीत पुढे झाली, थांबली, पुन्हा पुढे झाली. वरून हाक आली नाही. मग मात्र तहानेने सगळ्यांचा धीर सुटला. म्होरकीची मावसबहीण थेट चिखलात शिरली आणि डोळे मिटून पाणी पिऊ लागली. तिच्या पलीकडे म्होरकीचे पाडस पोटापर्यंत पाण्यात उभे होते. कितीतरी दिवसांनी ते शेपूट हलवत होते.

हरिणी तेवढी काठावर उभी राहिली. तिला पाणी प्यायचे होते, पण मन घट्ट होईना. तिने समोरचे गवत पाहिले. गवत स्थिर होते. एवढे बगळे रोज तिथे असायचे, आज एकही नव्हता. तिने मान वर करून राखणदाराकडे पाहिले. तो डाव्या बाजूच्या गवतात एकाच जागी टक लावून पाहत होता. त्याचे ओठ उघडत होते आणि मिटत होते.

“काय दिसतंय तुम्हाला?” तिने बुंध्याशी येऊन विचारले.

“पिवळं काहीतरी आहे. वाऱ्यानं हललं असेल.”

वारा नव्हता. हरिणीने पाडसाकडे एकदा पाहिले. “मग हाक द्या.”

“खात्री नाही,” तो म्हणाला. “ज्याची एक हाक खोटी ठरते त्याची फीत काढून घेतात. मी पहिला आलो तो त्यामुळेच. मी आजवर एकदाही हाक दिलेली नाही.”

“वाघ दिसला तेव्हाही नाही?”

“वाघ मी पाहिलेलाच नाही. बागेकडच्या रानात वाघ नाहीत. आमचे सगळे तिकडच्याच कळपांवर असतात.”

हरिणीला सगळे एका क्षणात कळले. जिथे वाघच नाही, तिथे हरीण जाणार कुणाच्या तोंडी? आणि जो तोंडच उघडत नाही त्याची हाक खोटी ठरणार कशी? तिला स्वतःच्या मूर्खपणाचा असा संताप आला, की त्या संतापातच तिने पुढचा पाय दाणकन जमिनीवर आपटला आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

कळप उधळला. त्याच क्षणी गवत फाडून वाघीण बाहेर आली. पाडस पाण्यातून उसळले, घसरले, पुन्हा उठले आणि आईच्या अंगाला अंग घासत चढणीला लागले. मावसबहिणीचे पुढचे पाय मात्र चिखलात रुतले होते. तिने एकदा हिसका दिला. दुसऱ्यांदा हिसका द्यायला तिला वेळ मिळाला नाही.

टेकडीच्या माथ्यावर कळप थांबला. पाडस जिवंत होते, म्हणून हरिणीला रडू येत होते, आणि बहीण गेली म्हणूनही येत होते. थोड्या वेळाने पदवीधर तिथे आला. त्याने सबब सांगितली नाही. तो म्हणाला, “तुम्ही विचारायच्या आधीच ती मला दिसली होती.”

कळपातल्या एका नराने शिंगे खाली केली आणि तो त्याच्यावर धावून गेला. हरिणी मध्ये उभी राहिली. ती म्हणाली, “तू हाक दिली नाहीस, हे पाप तुझं. पण तुला कधी वाघ दिसलाय का, हे मी विचारलं नाही. लाल फीत बघून मी माझं लेकरू तुझ्या हवाली केलं. ते माझं.”

चार दिवसांनी कावळा निरोप घेऊन आला. विद्यापीठाने या वानराचे नाव यादीतून खोडले होते. तो आमचा नव्हेच, असे जाहीर झाले होते. म्हणजे बागेच्या पदवीधराच्या राखणीतून एकही हरीण गेलेले नाही, ही गोष्ट अजूनही खरीच राहिली. फाटकाबाहेरची रांग यंदा दुप्पट झाली आहे, हेही कावळ्याने मोठ्या कौतुकाने सांगितले. हरिणीने त्याला उडवून लावले.

मग ती स्वतः वानरीच्या झाडाखाली गेली आणि तिची माफी मागितली. वानरीने आढेवेढे घेतले नाहीत. ती परत अर्जुनावर बसली, आणि खालच्या फांदीवर तिने त्या तरुण वानराला बसवून घेतले. कळपाला ते रुचले नाही, पण वानरी म्हणाली, की वाऱ्याची दिशा त्याला माझ्यापेक्षा चांगली कळते, ती विद्या मी का सोडू? आणि ते खरे होते. त्याने वारा सांगावा, तिने गवत वाचावे, असे सुरू झाले. वायफळ हाका निम्म्यावर आल्या. तरीही सगळी राखण वानरीच्या तोंडून होत होती. तो मुका तो मुकाच होता.

एका सकाळी वानरी पलीकडच्या फांदीवर असताना ‘खक् खक्’ अशी हाक आली. आवाज अनोळखी होता, चिरका आणि घाबरलेला. कळप अर्धी टेकडी एका दमात चढून गेला. पाडसे धडपडली, एकाचा गुडघा सोलला. मागे वळून पाहतात तो गवतातून एक कोल्हा बाहेर आला, पाणी प्यायला आणि निघून गेला.

हरणे चिडली. ज्या नराने शिंगे उगारली होती त्याने बरेच काही ऐकवले. तरुण वानर फांदीला घट्ट धरून बसला होता. हरिणी एकटीच टेकडी उतरून त्याच्या झाडाखाली आली.

“कोल्हा होता,” तो म्हणाला. “मी चुकलो.”

“हो, चुकलास,” ती म्हणाली. “पुन्हा शंका आली की पुन्हा हाक दे. पळायचं काम आमचं आहे.”

एवढे बोलून ती डोहाच्या काठावर गेली, मान खाली घातली आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच पोटभर पाणी प्यायली.

तात्पर्य : एखाद्या विद्यालयाचा लौकिक ऐकून दिपून जाण्याआधी त्याची कसोटी कधी लागली होती का, एवढे तरी विचारावे; कारण जिथे संकटच आले नाही तिथला निष्कलंकपणा म्हणजे शिकवण्याची थोरवी नव्हे.