वहाणा मागणारा डोंगर

उंबरजाईचा डोंगर चढताना मोजत चला. आठ पायऱ्या, मग म्हैस लोळेल एवढी ऐसपैस बैठक. पुन्हा आठ पायऱ्या, पुन्हा बैठक. अर्ध्यावर गेलात की मात्र पुढच्या काही बैठकींखाली एक नववी पायरी लागते, अरुंद, तिरकी, कडा फुटलेली. तिथे जपून. पाहुण्यांचे पाय तिथेच मुरगळतात. आणि अगदी वर, देवळाच्या उंबऱ्याखाली, छातीएवढा सरळ कातळ. तिथे पायरीच नाही. ती का नाही, हे ऐकायचे तर आधी बसा. न बसता चढणाऱ्याला ही देवी दर्शन देते, पण ओळख देत नाही, असे म्हणतात.

फार मागे खडकवेढ्यात भिवरा आणि गेनू ही पाथरवटाची बहीणभावंडं राहत. त्यांच्या आईचे गुडघे गेले होते. देवी डोळ्यांसमोर, पण म्हातारीला डोंगर चढवेना. दर्शनाविनाच ती गेली. जाताना दोघांचे हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्यासारखी कुणी खाली बसून राहू नये." दोघांनी शब्द दिला: पायथ्यापासून देवीपर्यंत पायऱ्या खोदायच्या, आणि शेवटच्या पायरीवर दोघांचे हातोडे बरोबर पडायचे.

भिवरा थोरली, अंगाने दणकट. तिच्या घणाच्या आवाजाने तीन कोसांवर दुधाचे दही व्हायचे म्हणे. पण कामाइतकीच ती विसाव्याची पक्की. रोज एक पायरी, आठ दिवस. नवव्या दिवशी हातोड्याला हात नाही. त्या दिवशी बोथटलेल्या छिन्न्यांची जुडी घेऊन ती नदीपलीकडे शिद्राम लोहाराकडे जायची. तो छिन्न्या तापवून, ठोकून, पाणी पाजून द्यायचा, तोवर ही चिंचेखाली घोरायची. पाजवलेली दुसरी जुडी कामावरच ठेवलेली असे, दहाव्या दिवशी सकाळी उचलायला.

गेनूला मात्र बसवत नसे. तो म्हणायचा, "अक्का, आपण बसतो तवा डोंगर वाढतोय असं वाटतं गं."

"वाढू दे," भिवरा म्हणायची. "आपल्याला हा जन्मभर चढायचाय. लोखंडाला विसावा लागतो, तू काय त्याच्याहून कडक हाईस?"

शेवटी त्यानेही विसाव्याला पायथ्याच्या उंबराखाली झोपायचे कबूल केले. आईची शपथ घेऊन.

अर्धा डोंगर झाला आणि चमत्कार घडला. विसाव्याचा दिवस उलटला की एक पायरी आपोआप खोदलेली दिसू लागली. विसाव्याला डोंगरावर कुणी जायचे नाही हा नियम, पण गावाला टाकीचा आवाज स्पष्ट ऐकू येई. गेनू हात जोडून म्हणाला, "देवीच खोदते, अक्का." गाव वाजतगाजत आले. नारळ फुटले. भिवराने त्या प्रत्येक पायरीला हळदकुंकू वाहिले, कपाळ टेकले. आपण दमतो हे देवीला कळते, या विचाराने तिचे डोळे भरून येत.

एकच गोष्ट कळेना. दहाव्या दिवशी पाजवलेली जुडी उचलावी, तर छिन्न्या बोथट. ती शिद्रामावर तुटून पडली, "दीड पायली जोंधळा घेतोस आणि पाणी असलं पाजतोस?"

शिद्राम म्हणाला, "बाई, माझं पाणी खोटं असेल तर भात्यात साप निघू दे. तुझ्या छिन्न्या कोणतरी वापरतंय."

"देवी माझ्या छिन्न्या कशाला घेईल?" असे म्हणून ती परतली. पुढच्या विसाव्याला तिने पुरणपोळ्या केल्या, नदीकडे न जाता भर दुपारी डोंगर चढली. देवी आपली हत्यारे घेत असेल, तर तिला जेवायला तरी घालावे.

वर देवी नव्हती. गेनू होता. घामाने निथळलेला, डावा हात उजव्याला आधार देत होता, आणि छिन्नी भिवराची.

"मला आधी पोचायचं नव्हतं गं," तो पुटपुटला. "बसलो तर उठणारच नाही, याची भीती वाटायची."

भिवराने पोळ्यांची दुरडी खाली ठेवली. "काम केलंस त्याचं काही नाही रे. मला तुझ्या लबाडीपुढं डोकं टेकायला लावलंस."

त्यानंतर गेनूच्या उजव्या हाताने हातोडा उचललाच नाही. विसावा न मिळालेला हात एकदाच कायमचा बसला. आणि पुढच्या विसाव्याला, नदीकडे न जाता त्याच्याजवळ बैठकीवर थांबलेल्या भिवराचा डोळा लागला असताना, तो वहाणा चढवून निघून गेला. दुसऱ्यांदा फसवले, तेही तिच्या झोपेत.

ती एकटी खोदत राहिली. आठ दिवस काम, नवव्याला विसावा, एकदाही न चुकता. शेवटची पायरी उरली तेव्हा तिने छिन्नी खाली ठेवली. तिथे दोन हातोडे पडायचे होते.

बारा वर्षांनी, चैत्रातल्या भर दुपारी, पिकल्या केसांचा एक माणूस वर आला. उजवा हात लोंबत होता.

"अक्का, बसू का?"

भिवराने त्याला आपादमस्तक पाहिले. "बस. पण वहाणा आधी इकडं दे."

त्याने दिल्या. तिने त्या उशाशी घेतल्या आणि घोरू लागली. कातळ तव्यासारखा तापला होता. अनवाणी माणूस जाणार कुठे? उन्हे कलली तेव्हा ती उठली. तो तिथेच होता.

"बसलास की," ती एवढेच म्हणाली.

हातोडा त्याला उचलवेना. तिने एकटीने तो उचलला नाही. मग गेनू कातळाशी वाकला, त्याच्या खांद्यावर पाय देऊन ती वर चढली आणि हात खाली करून तिने त्याला ओढून घेतले. वहाणा मात्र, असे सांगतात, तिने देवीपुढे पोचेपर्यंत परत केल्या नाहीत.

आजही ती पायरी कुणी खोदत नाही. दोघांनी यायचे, प्रत्येक बैठकीवर बसायचे, आणि शेवटच्या कातळाशी जो खांद्यावरून आधी चढतो त्याने आपल्या चपला खालच्याच्या हाती देऊन जायचे. नवरा-बायको असोत, सख्खे भाऊ असोत, नाहीतर आमदार आणि त्यांचा कार्यकर्ता. चपला देताना एकमेकांकडे कसे बघतात, ते पाहायला गाव हौसेने जमते. आणि वर पोचलेला माणूस हात द्यायला पुन्हा वाकतो, तो मायेने वाकतो की अनवाणी पायांखालच्या तापल्या कातळाने, हे उंबरजाईने आजवर कुणाला विचारलेले नाही.