राजपुत्राचा फोटो

सावळ्या मुलीने नाट्यशास्त्राची पदवी घ्यायची ती काय दासी होण्यासाठी, सांगा बरं?

शाल्मलीला दोन विद्यापीठांनी प्रवेशासाठी बोलावलं होतं, पण तिचा जीव संगीत नाटकांसाठी नावाजलेल्या पहिल्यातच अडकला होता. तिचं गाणं ऐकून तिथले विभागप्रमुख दिघोळकर म्हणाले, "गळा गोड आहे गं, पण या रंगाला नायिका कोण म्हणेल? दासीची कामं देऊ."

शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड झाला. सरांच्या मागे भिंतीवर त्यांचाच गेल्या वर्षीच्या नाटकातला फोटो होता. साठीतले सर विशीतल्या राजपुत्राच्या वेषात उभे होते.

"सर, प्रेक्षकांनी तुमचं वय विसरायचं आणि माझा रंग तेवढा लक्षात ठेवायचा, होय?"

सरांनी मान वळवून त्या फोटोकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मलीने त्या दुसऱ्या विद्यापीठात नाव घातलं, आणि इथे सरांच्या मागच्या भिंतीवर नुसता खिळा राहिला.