एक पाय मोकळा

गोष्ट फार जुनी आहे. तो रेडिओ होता की दारावरची घंटा, हे आता नक्की आठवत नाही. पण आत विजेचा प्रवाह अडवणारा एक चिमुकला रेझिस्टर होता आणि त्याच्या अंगावरचे रंगीत पट्टे त्याचा अडथळा हजार ओहम सांगत होते.

म्हाताऱ्या मीटरने त्याला जागेवरच मोजलं, तर आकडा आला पाचशे. "बिघडलाय मेला," म्हणत दुरुस्तीला बसलेल्या इंदुमतीबाईंनी त्याला कापून काढायला कटर उचलला.

"मीटरकाका, मी खरंच निम्मा झालो का हो? आता कचऱ्यात जाणार?" रेझिस्टरने विचारलं.

मीटर गडबडला. चूक आपलीच तर नसेल? "बाई, थांबा! कापू नका. आधी त्याचा एक पाय सोडवा."

बाईंनी जोडावरचं सोल्डर वितळवून त्याच्या तारेचा एक पाय उचलला. मीटरने भीत भीत पुन्हा मोजलं. बरोबर हजार!

"मग मघाशी काय झालं?" रेझिस्टरने विचारलं.

"शेजारच्या रेझिस्टरचे पाय तुझ्याच पायांना जोडलेले आहेत ना. मोजताना मी सोडलेला निम्मा प्रवाह त्यानं स्वतःवर घेतला, म्हणून तू मला निम्मा वाटलास."

"मी तर मागितलं नव्हतं."

"मागावं लागत नाही रे, वेड्या."

बाईंनी पाय पुन्हा जोडला. शेजाऱ्याला न मोजताच आपण बोललो, ते खरं होतं का, अशी धाकधूक मीटरला मात्र राहिली. पुढे कित्येक वर्षांनी त्या शेजाऱ्याचाही एक पाय सुटला, तेव्हा मीटरने त्याला मोजून घेतलं. तोही पुरा हजारच होता; म्हणजे त्यानं खरंच बरोबर निम्मा भार उचलला होता.