पालखी टेकवायची नाही

सरदार निंबाजीरावांच्या पालखीला भोई टिकत नसत. दोन महिन्यांत पाच जण पळाले. पळतील नाहीतर काय? बायकापोरांचं तोंड बघायलाही कुणाला सुटी नव्हती. म्हातारा सुभाना तेवढा तग धरून होता. पण त्याची बायको तापाने अंथरुणाला खिळली, तसा तोही सरदारांपुढे उभा राहिला.

"सरकार, आठ दिवसांतून एकदा घरी सोडा. नाहीतर उरलेलेही जातील."

"आळशी लेकाचे!" सरदार गुरकावले. "मीही रोज पालखीत असतोच ना? मी मागतो का सुटी?"

"मग आज दिवस मावळेपर्यंत आम्ही पालखी टेकवत नाही. सरकार त्याआधी उतरतो म्हणाले, तर आमची सुटी पक्की."

"पक्की!" सरदार हसले आणि मिशीला पीळ देत आत बसले.

भोई खांदेपालट करत चालत राहिले. ऊन चढलं, सरदारांचे गुडघे आखडले. दुपारी तर ते नुसते चुळबुळत होते.

"सुभाना, थांबव रे! लघवीला जायचंय."

"सरकार, सूर्य अजून डोक्यावर आहे."

"अरे गाढवा, माणूस आहे मी!"

"सकाळी मी तेच सांगत होतो, सरकार. फक्त आमच्याबद्दल."

"दिली सुटी! आधी खाली ठेव!"

पालखी टेकली. सरदार झुडपामागे धावले आणि सुभाना घराकडे. पळालेले पाचही भोई महिन्याभरात आपणहून कामावर आले. त्यांना बोलवायला कुणीही गेलं नव्हतं.