पाठीमागची खरखर

बिनतारी लहरींची विद्या शिकवणारे एक वृद्ध गुरुजी होते. एकदा धान्याचा एक व्यापारी घामाघूम होऊन त्यांच्या दारी आला.

"गुरुजी, माझा फोन मुका झालाय. कुणीतरी लहरी अडवतंय. हे समोरच्या किराणावाल्याचंच काम! त्याच्या मुलाला मी माझी मुलगी देतोय आणि तो माझा धंदा बुडवतोय. सिद्ध होऊ द्या, संध्याकाळचा साखरपुडा मोडलाच म्हणून समजा."

गुरुजी शिष्याला घेऊन त्याच्या आवारात आले. लहरींचा अडथळा असेल तिथे खरखरणारे छोटे यंत्र शिष्याने उचलले आणि तो तडक किराणावाल्याच्या बाजूच्या भिंतीशी गेला. यंत्र जोरात खरखरले.

"सापडला!" शिष्य ओरडला.

"मी म्हणत नव्हतो?" व्यापारी म्हणाला. दारात उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा उतरला.

गुरुजींनी यंत्र मागून घेतले, छातीशी घट्ट धरले आणि अंगणाच्या मधोमध ते स्वतःभोवती हळूहळू फिरू लागले.

"म्हाताऱ्याच्या अंगात आलं वाटतं," एक हमाल पुटपुटला. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

किराणावाल्याच्या दुकानाकडे तोंड होताच खरखर मंदावली. गुरुजी थांबले. मग मागच्या फाटकाशी जाऊन त्यांनी पुन्हा तशीच गिरकी घेतली.

"बाळ, दोन्ही वेळा आवाज मंदावला तेव्हा माझी पाठ कुठे होती?"

शिष्याने मनातल्या मनात दोन रेषा ओढल्या. त्या व्यापाऱ्याच्या गादीवर मिळत होत्या. गादीमागच्या कोनाड्यात हिरवा दिवा लुकलुकणारी एक पेटी होती.

"छे, ती नव्हे!" व्यापारी म्हणाला. "हमाल दिवसभर फोनवर गप्पा मारतात, म्हणून त्यांचे फोन बंद पाडायला आणलीय. मालकाच्या फोनला ती लागू होत नाही. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलंय!"

हमाल पोत्यांआड तोंड लपवून हसू लागले.

"माणसाचे अंग लहरींना अडवते," गुरुजी शांतपणे म्हणाले. "म्हणून आवाज मंदावला की उगम पाठीमागे समजावा, आणि दोन ठिकाणांहून पडताळावा. तू एकाच भिंतीशी गेलास, बाळ, तेही यजमानांनी आधीच ठरवलेल्या. तिथे खरखर होतीच. ती सगळ्या आवारात होती."

व्यापाऱ्याने पेटी बंद केली. थोड्याच वेळात फोन वाजला. पलीकडचा आवाज साऱ्या आवाराने ऐकला.

"अहो व्याही, सकाळपासून फोन लावतोय! शहरात सोनाराकडे ताटकळत उभा आहे. सूनबाईंच्या बोटाचं माप सांगा की!"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. मुलगी मात्र हात पुढे करून केव्हाच येऊन उभी राहिली होती.

कुणावर आरोप करण्याआधी आपणही एक गिरकी घ्यावी. लोक हसतील, हसू द्यावे.